सॉफ्टवेअर ॲनालॉग सिंथ: गावाकडच्या संगीतकारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान विदर्भातल्या गावांत राहून गाणी बांधणाऱ्यांसाठी आहे. सिंथ म्हणजे सिंथेसायझर, आवाज स्वतः घडवणारं वाद्य; इथे बोलायचं आहे ते संगणकावर चालणाऱ्या सिंथबद्दल. झाडीपट्टीच्या नाटकांना पार्श्वसंगीत देणारे, १४ एप्रिलच्या आधी भीमगीतं रेकॉर्ड करणारे, भजनी मंडळाचा कीबोर्ड सांभाळणारे, धुमाल पार्टीत वाजवणारे, या सगळ्यांकडून आमच्या छोट्या स्टुडिओत जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. इंटरनेटवरची बहुतेक माहिती थंडगार खोली, अखंड वीज आणि भारी संगणक गृहीत धरून लिहिलेली असते. आपल्याकडचा हिशेब वेगळा आहे, आणि सिंथ निवडताना तो हिशेब आधी मांडावा असं माझं ठाम मत आहे.

कीबोर्डातला ‘टोन’ आणि सॉफ्टवेअर ॲनालॉग सिंथ यात फरक काय?

कीबोर्डवर ‘स्ट्रिंग्ज’चं बटण दाबलं की बहुतेक वेळा आधी रेकॉर्ड करून ठेवलेला नमुना वाजतो. ॲनालॉग सिंथमध्ये रेकॉर्डिंग नसतंच. आवाज त्याच क्षणी तयार होतो. जुन्या यंत्रांत हे काम सर्किट करायचं, आता त्या सर्किटचं वागणं सॉफ्टवेअर गणिताने उभं करतं.

आत चार-पाच गोष्टी असतात. ऑसिलेटर कच्चा आवाज देतो. सॉ लाटेत सगळे हार्मोनिक, म्हणजे मूळ स्वरासोबत वाजणारे वरचे सूक्ष्म स्वर, असतात म्हणून ती भरलेली आणि धारदार लागते, स्क्वेअरमध्ये फक्त विषम हार्मोनिक असतात म्हणून ती पोकळ लागते, आणि ट्रँगल मऊ. मग येतो फिल्टर. बाहेर डफ वाजत असताना दार लोटून घेतलं की वरची कडकड अडते आणि आत नुसता ‘धम्म’ येतो. लो-पास फिल्टरचा कटऑफ खाली आणला की नेमकं हेच घडतं. रेझोनन्स वाढवला की जिथे कापतो तिथलाच स्वर टोकदार होतो, आणि पुष्कळ वाढवला की बऱ्याच सिंथचा फिल्टर स्वतःच शिटी घालू लागतो.

एन्व्हलप म्हणजे आवाजाचा प्रवास: अटॅक, डिके, सस्टेन, रिलीज. हा एन्व्हलप आवाजाच्या मोठेपणाला तर लागतोच, शिवाय फिल्टरलाही लावता येतो, आणि बहुतेक नवीन मंडळी इथेच कमी पडतात. की दाबल्यावर कटऑफ वर उसळून खाली येतो तेव्हा बेसला ‘टाँव’ असा उच्चार मिळतो. फिल्टर स्थिर ठेवला तर तोच बेस मुका वाटतो. एलएफओ ही संथ लहर असते. ती स्वराला लावली की व्हायब्रेटो, फिल्टरला लावली की ‘वाव-वाव’.

जुन्या मशिनींची नावं सारखी कानावर पडतात. कोणतं कशासाठी?

मिनीमोग मॉडेल डी १९७० साली आला. तीन ऑसिलेटर, एका वेळी एकच स्वर, आणि एका सप्तकात २४ डेसिबल कापणारा लॅडर फिल्टर. जाड बेस आणि गाणारा लीड पाहिजे असेल तर ही घडण. प्रॉफेट-५ (१९७८) पाच स्वर एकत्र वाजवायचा आणि लावलेला आवाज लक्षात ठेवायचा. त्याआधी बहुतेक यंत्रांत प्रत्येक आवाज बटणं फिरवून नव्याने लावावा लागे. रोलंडचा ज्युनो-६० (१९८२) साधा आहे, एका स्वराला एकच ऑसिलेटर, पण त्याचा कोरस (एकच आवाज अनेकांनी मिळून वाजवल्यासारखा करणारा इफेक्ट) सुरू केला की पॅड, म्हणजे मागे भरून राहणारा लांब आवाज, असा पसरतो की नाटकातल्या करुण प्रसंगाला दुसरं काही लागत नाही. कोर्गचा एमएस-२० (१९७८) खरखरीत, चिडका. रोलंडचीच टीबी-३०३ ही एका ऑसिलेटरची छोटी बेस मशीन.

या गोष्टी परक्या आहेत असं समजू नका. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली डेव्हिड ट्यूडर यांच्या मदतीने मोग सिंथचा स्टुडिओ उभा राहिला होता. आणि मुंबईत रेकॉर्डिंगसाठी वाजवणारे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये टीबी-३०३, टीआर-८०८ (ताल वाजवणारी मशीन) आणि ज्युपिटर-८ (सिंथ) ही तीन रोलंड यंत्रं घेऊन डिस्को तालावर रागांची रेकॉर्ड केली. तेव्हा ती फारशी खपली नाही, पण २०१० साली पुन्हा निघाल्यावर जगभरच्या लोकांनी कान टवकारले. टीबी-३०३ वर एका स्वरातून दुसऱ्यात सरकण्याची जी सोय आहे ती रागाच्या चलनाला कशी उपयोगी पडते, हे त्यांनी फार लवकर ओळखलं. आपल्या मातीतल्या माणसाने केलेलं हे काम प्रत्येक सिंथ वाजवणाऱ्याने एकदा तरी मन लावून ऐकावं.

मग घेऊ कोणता?

आधी फुकटातला घ्या, आणि एकच घ्या.

टाल-नॉइजमेकर फुकट आहे, डाउनलोडला लहान आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही हलका चालतो. सगळी महत्त्वाची बटणं एकाच पानावर दिसतात, त्यामुळे कोणी शिकवायला नसलं तरी हात बसतो. सुरुवातीला मी सगळ्यांना हाच सुचवतो.

सर्ज एक्सटी हाही फुकट. हा आधी विकत मिळायचा, २०१८ मध्ये त्याच्या कर्त्याने कोड सगळ्यांना खुला केला आणि तेव्हापासून स्वयंसेवक तो वाढवत आहेत. यात ॲनालॉग धाटणीचे अनेक फिल्टर आहेत आणि स्वर हवे तसे लावण्याची उत्तम सोय आहे, ती आपल्या संगीताला फार मोलाची. पण पहिल्या भेटीत गोंधळायला होतं. यू-ही कंपनीचा टायरेल एन-६ आणि फुल बकेटचा मोनो/फ्युरी हेही फुकट आणि दर्जेदार. मोनो/फ्युरी कोर्गच्या मोनो/पॉलीवर बेतलेला आहे.

विकत घ्यायची वेळ आली तर गाणं बघून ठरवा. पॅड आणि ब्रासवर काम जास्त असेल तर ज्युनो-६० वर बेतलेला टाल-यू-नो-एलएक्स पुरेसा आहे. एकाच सिंथमध्ये मिनीमोग, ज्युनो, ज्युपिटर अशा वेगवेगळ्या घराण्यांचे ऑसिलेटर आणि फिल्टर जोडून वापरायचे असतील तर यू-हीचा डिवा. आवाजात मला त्याहून आवडलेला सॉफ्टवेअर सिंथ नाही, पण तो लॅपटॉपला घाम फोडतो. आर्टुरियाचा मोठा संच नाटकवाल्यांना मोह घालतो कारण त्यात जुनी यंत्रं रांगेने आहेत. माझा अनुभव असा की इतकी यंत्रं हाताशी आली की माणूस प्रीसेट, म्हणजे आधीच लावून दिलेले आवाज, चाळत रात्र काढतो आणि सकाळी गाणं तिथंच असतं.

वायटल चांगला आहे, फुकटही मिळतो, पण तो मुळात वेव्हटेबल सिंथ, म्हणजे साठवलेल्या लाटांच्या तक्त्यातून आवाज घडवणारा. ॲनालॉग शिकायला पहिला म्हणून घेऊ नका.

माझ्याकडं आय-३ आणि ८ जीबी रॅम आहे. चालंल का?

चालेल. ॲनालॉग धाटणीच्या सिंथला रॅम फारशी लागत नाही, कारण त्यात मोठे नमुने साठवलेले नसतात. ताण पडतो प्रोसेसरवर.

खऱ्या फिल्टरमध्ये बाहेर पडणारा आवाज त्याच क्षणी पुन्हा आत येतो. साध्या डिजिटल फिल्टरमध्ये तो एक सॅम्पल उशिरा येतो, आणि रेझोनन्स वाढवल्यावर हा फरक कानाला कळतो: शिटी बेसूर लागते, फिल्टर झटपट फिरवला की काचेसारखा आवाज येतो. डिवासारखे सिंथ प्रत्येक सॅम्पलला समीकरण सोडवून हा उशीर काढून टाकतात. गोडवा तिथून येतो आणि प्रोसेसरवरचा भारही तिथूनच.

म्हणून डिवात ड्राफ्ट, फास्ट, ग्रेट आणि डिव्हाइन असे चार दर्जे दिलेत. गाणं बांधताना ड्राफ्ट ठेवा, शेवटी रेंडर करताना (गाण्याची फाइल काढताना) डिव्हाइन करा. एकच ट्रॅक सगळी ताकद खात असेल तर मल्टिकोअरचं बटण दाबून बघा. पॉलिफनी (एका वेळी किती स्वर वाजू शकतात तो आकडा) सोळा असेल तर सहावर आणा, आणि रिलीज लांब असेल तर थोडा कमी करा, कारण विरत चाललेला प्रत्येक स्वर वाजणाऱ्या स्वराइतकाच हिशेब मागतो. एवढ्यानेही भागलं नाही तर ट्रॅक फ्रीझ करा. तो ऑडिओ होऊन जातो आणि लॅपटॉप मोकळा.

की दाबली की आवाज उशिरानं येते. काहून?

बफरमुळे. संगणक आवाजाचे तुकडे करून पाठवतो, त्या तुकड्याचा आकार म्हणजे बफर. ४४,१०० हर्ट्झवर १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे २.९ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ५.८, ५१२ म्हणजे ११.६ आणि १०२४ म्हणजे २३.२. ड्रायव्हरचा स्वतःचा उशीर त्यावर वेगळा. ताल धरून वाजवताना २५६ पर्यंत सहसा त्रास होत नाही. १०२४ वर लग्गी वाजवायचा प्रयत्न केला तर हात आणि कान भांडू लागतात.

विंडोजवर नेहमीचा साउंड ड्रायव्हर न वापरता एएसआयओ ड्रायव्हर निवडा. ऑडिओ इंटरफेस असेल तर त्याच्या कंपनीचाच टाका, नसेल तर एएसआयओ-फोर-ऑल हा फुकटचा पर्याय आहे. वाजवताना बफर लहान, मिक्स करताना मोठा.

ब्लूटूथ हेडफोन मात्र बाजूला ठेवा. त्यात शंभर मिलिसेकंदांहून अधिक उशीर सहज होतो आणि कोणत्याही सेटिंगने तो पुरता जात नाही. साधा वायरचा हेडफोन घ्या.

सकाळी सगळं बरोबर चालते, दुपारी तोच प्रोजेक्ट खरखर करते. सिंथ बिघडला काय?

सिंथ नाही, ऊन. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला इथे पारा ४५ अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत त्याहून वाईट. प्रोसेसर तापला की तो जळू नये म्हणून आपला वेग आपोआप कमी करतो. सकाळी जेमतेम मावणारा डिवा दुपारी मावत नाही, आणि बफर वेळेत भरला नाही की ‘कट्-कट्’ ऐकू येते.

लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवू नका. खालची जाळी मोकळी राहील असा दोन लाकडी पट्ट्यांवर उचलून ठेवा. पंख्यात साठलेली धूळ दरवर्षी उन्हाळ्याआधी काढून घ्या. कापूस किंवा धान हंगामात घराजवळ उतरत असेल तर दोनदा. कूलरची ओली हवा थेट लॅपटॉपवर येऊ देऊ नका.

कामाची वाटणी वेळेनुसार केली तर पुष्कळ सोपं जातं. गाणाऱ्याचा आवाज पहाटे, कूलर बंद ठेवून घ्यायचा. सिंथचं काम दुपारी कूलर लावून खुशाल करा, कारण सॉफ्टवेअर सिंथचा आवाज माइकमधून जात नाही, कूलरची घरघर त्यात येणार नाही. ही सोय खऱ्या वाद्याला नाही. शिवाय खऱ्या ॲनालॉग यंत्रांचे ऑसिलेटर तापमानाने सुरातून हलतात. जुना मिनीमोग आपल्या मे महिन्यात दिवसभर सुरात ठेवणं मोठंच काम झालं असतं. सॉफ्टवेअरमध्ये हे हलणं आपण मागू तेवढंच येतं. बऱ्याच सिंथमध्ये त्यासाठी ‘ड्रिफ्ट’सारखं बटण असतं, ते थोडंसं उघडा, आवाज जिवंत होतो.

लाइन जाते-येते. इन्व्हर्टरवर लावलं की स्पीकरमधून गुणगुण येते. काय करावं?

आधी गुणगुण कुठून येते ते शोधा. चार्जर काढा आणि बॅटरीवर वाजवा. आवाज थांबला तर दोष चार्जर-अर्थिंगच्या वाटेत आहे. गावातल्या बऱ्याच घरांत अर्थिंग नावापुरतं असतं. इलेक्ट्रिशियनकडून ते तपासून घ्या, लॅपटॉप, इंटरफेस आणि स्पीकर एकाच बोर्डावर लावा. तरीही राहिलं तर लॅपटॉप आणि मिक्सर यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स टाका. आतल्या ट्रान्सफॉर्मरने विजेची वाट तुटते आणि आवाज तेवढा पुढे जातो. चार्जरची तिसरी पिन तोडून गुणगुण घालवणारे भेटतात. ते जिवावरचं काम आहे, कधीच करू नका.

चार्जर काढल्यावरही गुणगुण राहिली तर इन्व्हर्टर बघा. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरची वीज ओबडधोबड असते आणि ती ऑडिओत उतरते. साइन वेव्ह इन्व्हर्टर महाग पडतो, पण स्टुडिओसाठी पहिला खर्च तोच करावा, सिंथ नंतर. शेजारच्या विहिरीवरची मोटर सुरू होताना दाब घसरतो, तेव्हा डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवाच. आणि बॅटरीवर काम करताना विंडोजचा पॉवर मोड ‘बॅटरी वाचवा’वर गेलेला नाही हे बघा, नाहीतर लाइन गेल्या क्षणी खरखर सुरू होईल.

सिंथ आणि आमच्या मंडळाची पेटी जुळत नाही. सिंथ बेसूर आहे का?

सिंथ आपल्या जागी बरोबर असतो, पेटी आपल्या जागी. सिंथ ‘ए’ ४४० हर्ट्झ धरून लावलेला असतो. मंडळाची पेटी कित्येक वर्षं सुरात लावलेली नसते आणि ती थोडी वर किंवा खाली असते. पट्टी बदलून हे सुटत नाही, कारण फरक अर्ध्या स्वराहूनही कमी असतो.

मोबाइलवर फुकटचं ट्यूनर ॲप घ्या. गाणाऱ्याची पट्टी समजा काळी पाच आहे, म्हणजे ‘ए शार्प’. पेटीवर तोच सा दाबून भाता एकसारख्या जोरात चालवा, कारण हवेचा दाब बदलला की स्वर किंचित हलतो. ॲप सांगेल की स्वर किती सेंट वर किंवा खाली आहे. शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर. पेटी १८ सेंट वर निघाली तर सिंथच्या मास्टर ट्यूनमध्ये अधिक १८ टाका. मग म, प आणि वरचा सा हेही तपासा. पेटीतला एखादाच स्वर भलताच हललेला असेल तर त्यासाठी सगळा सिंथ हलवू नका, पेटी दुरुस्तीला द्या.

आता यातली बारीक गोष्ट. पेटी आणि सिंथ दोन्ही समान अंतराच्या बारा स्वरांवर लावलेले असतात. शुद्ध गंधार त्यात साच्या वर ४०० सेंट येतो, पण तंबोऱ्याच्या नादातून उमटणारा गंधार ५:४ या प्रमाणाचा, म्हणजे साधारण ३८६ सेंट. चौदा सेंटचा फरक तयार कानाला चांगलाच कळतो. पेटीसोबत वाजवायचं असेल तर सिंथ आहे तसाच ठेवा, नाहीतर दोघांत घासाघीस होईल. पण नुसता सिंथचा षड्ज-पंचम आणि त्यावर एकटा गळा असेल, तर सर्ज एक्सटीमध्ये स्काला फाइल (स्वरांची अंतरं लिहिलेली छोटी फाइल) घालून शुद्ध प्रमाणं लावा. यू-हीचे सिंथही ट्यूनिंगच्या फाइल घेतात. विलंबित अभंगाखाली असा ड्रोन (सतत चालणारा आधारस्वर) ठेवून बघा, गाणाऱ्याला आधार मिळाल्याचं त्याच्या गळ्यातूनच कळतं.

सिंथवर मींड येते का?

येते, आणि हाच सिंथचा पेटीवरचा मोठा फायदा. आवाज ‘मोनो’ करा, ‘लेगाटो’ लावा आणि ग्लाइड ८० ते १५० मिलिसेकंद ठेवा. पहिली की सोडायच्या आत दुसरी दाबली की स्वर घसरत जातो, आणि सोडून दाबली की सरळ उडी. म्हणजे मींड कुठे घ्यायची ते बोटं ठरवतात. सगळीकडे ग्लाइड चालू ठेवणाऱ्यांचं वाजवणं गुळगुळीत होऊन जातं.

पिच बेंडची मर्यादा बहुधा दोन अर्धस्वरांची असते. ती पाच किंवा सातवर न्या, म्हणजे सा ते म किंवा सा ते प अशी ओढ चाकावर घेता येईल. कणस्वरांसाठी डाव्या हाताचा सराव लागतो, त्याला पर्याय नाही.

सनई आणि तुणतुणं सिंथवर कसं लावू?

हुबेहूब होणार नाही, आणि तसा हट्टही नको. स्वभाव पकडायचा.

सनईसाठी: एक पल्स ऑसिलेटर, रुंदी १५ ते २० टक्के, म्हणजे नाकातून आल्यासारखा आवाज. फिल्टर बँड-पास, कटऑफ दीड ते अडीच हजार हर्ट्झच्या आसपास, रेझोनन्स मध्यम. अटॅक ३० मिलिसेकंद, सस्टेन पूर्ण. व्हायब्रेटो ५.५ हर्ट्झचा, पण तो स्वर सुरू झाल्यावर ४०० मिलिसेकंदांनी येऊ द्या. खरा वादकही स्वर लावून मगच हलवतो. थोडा नॉइज मिसळला की फुंकर येते. ग्लाइड ६०.

तुणतुण्यासाठी: एक सॉ, सस्टेन शून्य, डिके ३०० मिलिसेकंद, फिल्टरलाही तसाच झटपट एन्व्हलप. आणि खरी गंमत इथे आहे: पिचलाही छोटा एन्व्हलप लावा, स्वर एक चतुर्थांश अर्धस्वर वरून सुरू होऊन ५० मिलिसेकंदांत जागेवर यावा. छेडलेली ताण असलेली तार नेमकी तशीच वागते. प्रत्येक आघात थोड्या कमीजास्त जोराचा ठेवा. खडी गंमतीत तुणतुणं ऐकलेल्या माणसाला एवढ्यात ओळख पटते.

हेडफोनमध्ये भारी वाटते, मंडपात बेस गायब अन् पॅड पातळ. असं काहून?

कारण मंडपातला भोंगा खालचा खर्ज वाजवतच नाही. काळी एकचा सा दुसऱ्या सप्तकात ६९ हर्ट्झवर असतो आणि त्याच्याही खाली ३४.६ वर. हे दोन्ही भोंग्यात हरवतात. निव्वळ साइन लाटेचा बेस असेल तर तिथे काहीच उरत नाही. म्हणून सॉ घ्या, कटऑफ ४०० ते ६०० हर्ट्झवर ठेवा आणि थोडा ड्राइव्ह द्या. वरचे हार्मोनिक ऐकू आले की मूळ खर्ज कानच भरून काढतो. मोठ्या डीजे बॉक्सवर हाच बेस अंगावर येईल, तेव्हा दोन्हीकडे ऐकूनच पक्का करा.

पॅड पातळ होतो कारण गावातली बरीच साउंड सिस्टिम मोनोत चालते. कोरसने डावी-उजवीकडे पसरवलेला आवाज एकत्र आला की काही भाग एकमेकांना खातो. मास्टरवर मोनोचं बटण लावून मिक्स ऐका, आणि पॅड विरत असेल तर कोरस कमी करा.

झाडीपट्टीच्या नाटकात मंचावर लॅपटॉप नेऊ का?

न्या, पण एकट्यावर भिस्त ठेवू नका. नाटक रात्रभर चालतं, थंडीत दव पडतं, आणि लाइन कधी जाईल याचा भरवसा नाही. प्रसंगांचे पॅड आणि ठोके आधीच ऑडिओ करून ठेवा, थेट वाजवायला एक-दोन हलके सिंथ पुरेत. वायफाय आणि विंडोजचं अपडेट बंद. बफर २५६ च्या खाली आणू नका. नेहमीचा कीबोर्ड मिक्सरला जोडलेला राहू द्या, लॅपटॉप अडकला तर प्रवेश थांबणार नाही.

मिडी कीबोर्ड वेगळा घ्यावा लागतो का?

मिडी कीबोर्ड म्हणजे कोणती की किती जोरात दाबली हे संगणकाला कळवणारा कीबोर्ड. आधी घरातला बघा. यामाहाच्या पीएसआर मालिकेतल्या आणि रोलंडच्या एक्सपीएस मालिकेतल्या बऱ्याच कीबोर्डांना मागे संगणकासाठी यूएसबीची जागा असते. प्रिंटरची चौकोनी तोंडाची वायर बहुतेकदा तिथे बसते. लोकल कंट्रोल (कीबोर्डचा स्वतःचा आवाज) बंद करा, नाहीतर दोन्ही आवाज एकदम येतील.

मोबाइलवर होते का?

शिकण्यापुरतं होतं. एफएल स्टुडिओ मोबाइलमध्ये सिंथ आहेत. अँड्रॉइडवर उशीर फोनागणिक बदलतो, त्यामुळे थेट वाजवण्याचं मन करू नका, स्वर मांडून घ्या. आयपॅड असेल तर मिनीमोगचं खुद्द मोग कंपनीचं ॲप आहे आणि ते अव्वल आहे.

क्रॅक (चोरीची प्रत) टाकलं तर?

नका टाकू. त्यासोबत व्हायरस येतो, आणि गिऱ्हाइकाचं गाणं त्याच लॅपटॉपमध्ये असतं. त्याहून मोठं कारण असं की यातले बरेच सिंथ मोजक्या माणसांच्या छोट्या कंपन्या वर्षानुवर्षं खपून बनवतात. आपलं गाणं कोणी फुकट उचललं तर आपल्याला जे वाटतं तेच त्यांनाही वाटतं. वर सांगितलेले फुकट सिंथ आणि लिनक्स-विंडोजवर चालणारा, गाणं बांधण्याचा फुकट प्रोग्राम एलएमएमएस यांवर संपूर्ण गाणं होतं. रीपर हा रेकॉर्डिंगचा प्रोग्राम ६० दिवस वापरून बघता येतो, नंतर त्याचं सवलतीचं लायसन ६० डॉलरचं आहे.

पैसे भरताना कार्ड चालत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवीन कार्डावर परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार सुरुवातीला बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते चालू करा, मर्यादा ठरवा, खरेदी झाली की पुन्हा बंद करा. नोव्हेंबरअखेरीस बहुतेक कंपन्या मोठी सूट देतात. धान किंवा कापूस विकून हातात पैसा येण्याचा काळही साधारण तोच, तेव्हा थांबता येत असेल तर थांबा.

गावात नेट जेमतेम आहे. डाउनलोड कसं करू?

ॲनालॉग सिंथ इथे सोयीचे आहेत. नमुन्यांचे संच कित्येक जीबींचे असतात, पण यातले बरेचसे काही एमबी ते काहीशे एमबीत येतात. तालुक्याला गेल्यावर पेन ड्राइव्हवर आणलं तरी चालतं. विकत घेण्याआधी ॲक्टिव्हेशन कसं आहे ते वाचा. यू-हीचं लायसन सीरियल नंबरवर चालतं, नेट लागत नाही. काही कंपन्यांचं वेगळं मॅनेजर ॲप असतं आणि ते नेटशिवाय पुढे सरकत नाही.

शिकायला सुरुवात कुठून करू?

‘इनिट’ प्रीसेट उघडा, म्हणजे कोरा आवाज. सॉ लाट, फिल्टर उघडा, बाकी काही नाही. रोज एकच बटण घ्या आणि ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवत ऐका. पंधरा दिवस एवढंच. मग आपलं ओळखीचं एखादं गाणं घ्या आणि त्यातला एक आवाज स्वतः लावायचा प्रयत्न करा. तयार प्रीसेट वापरण्यात काही कमीपणा नाही, पण त्याचा कटऑफ आणि रिलीज आपल्या गाण्याच्या लयीला जुळवून घेतल्याशिवाय वापरू नका. पॅडची शेपटी पुढच्या ओळीवर सांडत असेल तर शब्द कळत नाहीत, आणि भीमगीतात असो की भजनात, शब्दच आधी पोचले पाहिजेत.

आज केलेला प्रोजेक्ट पुढं कधी उघडंल काय?

खात्री धरू नका. लॅपटॉप बदलतो, सिंथची आवृत्ती बदलते, जुने ३२ बिट सिंथ नव्या सॉफ्टवेअरमध्ये दिसेनासे होतात. गाणं पूर्ण झालं की प्रत्येक ट्रॅक वेगळा, २४ बिट वेव्ह फाइलमध्ये, पहिल्या मात्रेपासून काढून ठेवा. मिडीची फाइलही ठेवा. सोबत एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहा: लय किती, पट्टी कोणती, पेटी किती सेंट वर होती, कोणता सिंथ, कोणता प्रीसेट. दोन जागी प्रत ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरात. गायक पुढच्या वर्षी येऊन ‘तेच गाणं, फक्त कडवं बदलायचं आहे’ म्हणतो, तेव्हा ही फाइल उघडून अर्ध्या तासात काम होतं.